सुट्टी म्हणजे गायरान नव्हे

'वर्क-लाइफ बॅलन्स' हा शब्द कंपन्यांच्या ऑफिसातून निघून आता आमच्या शाळांपर्यंत पोहोचला आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ताणतणाव आणि वेळेचे नियोजन यांवर तास ठेवले जातात. पहाटे लवकर उठा, दिवसभराच्या कामांची यादी करा, दीर्घ श्वास घ्या, जेवताना मोबाईल दूर ठेवा. सल्ला वाईट नाही. पण आमच्या भागात असे सत्र ठेवले गेले ते रविवारी आणि हजेरी सक्तीची! व्यासपीठावरच्या कुणालाही त्यात काही विसंगत वाटले नाही.

माझी तक्रार अशी आहे की हा सल्ला चुकीच्या माणसाला दिला जातो. काम आणि घर यांचा तोल सांभाळणे ही जणू नोकरदाराच्या अंगची कला आहे. जमली तर ती हुशार, नाही जमली तर तिला नियोजन येत नाही. प्रत्यक्षात तोल बिघडतो तो दुसरा कुणीतरी आपल्या वेळेत शिरतो म्हणून. गावाला गायरान असते. त्याला कुंपण नाही, राखणदार नाही. कुणीही जनावरे सोडतो, कुणी हळूच पत्र्याचे शेड टाकतो, आणि चार वर्षांनी ती जागा त्याचीच होते. शिक्षकाची संध्याकाळ आणि शिक्षकाची सुट्टी यांचे आज असेच गायरान झाले आहे. या वेळेला मालक आहे, हे आधी मान्य करा. मग दीर्घ श्वास घ्यायला आम्हाला कुणी शिकवायची गरज उरणार नाही.

आधी कायदा पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कामाचे माप दिलेले आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास, आणि त्यात पाठाची तयारी धरलेली आहे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर रोजचे साडेसात तास. त्याच कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला कोणत्याही अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही.

आता या साडेसात तासांत काय काय बसवायचे ते बघा. यू-डायस प्लसची माहिती, प्रत्येक मुलाच्या आधारची पडताळणी, अपार आयडी, आज पोषण आहार किती मुलांनी घेतला याची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, निरक्षरांचे सर्वेक्षण, उपक्रमाचे फोटो आणि त्या फोटोंची लिंक. उर्दू शाळेत यातल्या निम्म्या कामांना दुप्पट वेळ लागतो. जनरल रजिस्टरवर 'मोहम्मद', आधारवर 'मो.', जन्मदाखल्यावर 'मुहम्मद'. रजिस्टरवर 'शेख' आडनाव म्हणून शेवटी, आधारवर सगळ्यात आधी. 'फातिमा' आणि 'फातेमा' या पोर्टलच्या दृष्टीने दोन वेगळ्या मुली असतात. जुळवाजुळव कोण करणार? वर्गशिक्षिका. त्यातून तुम्ही उर्दू शाळेत मराठी शिकवत असाल, तर संपलेच. पंचायत समितीकडून येणारे प्रत्येक पत्र मराठीत असते, म्हणून ते वाचायचे तुम्ही, सहकाऱ्यांना समजावायचे तुम्ही आणि उत्तरही तुम्हीच लिहायचे. मराठीची शिक्षिका ही उर्दू शाळेची न नेमलेली कारकून असते. मला मराठीचा अभिमान आहे, पण त्या अभिमानाची किंमत म्हणून रात्रीचे दोन तास का द्यायचे?

आणि हे सगळे मागितले कसे जाते? शनिवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर पत्र येते. अत्यंत तात्काळ, माहिती आजच भरावी, दिरंगाई झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. पत्र उघडून पाहावे तर त्यावरची तारीख पाच दिवसांपूर्वीची असते. म्हणजे वरच्या टेबलावर ते पाच दिवस निवांत पडून होते आणि तो सगळा उशीर आता माझ्या रात्रीतून वसूल करायचा. याला तातडी म्हणत नाहीत. वरच्याने वाया घालवलेला वेळ खालच्याच्या घरून उचलून आणणे म्हणतात.

शिक्षक संघटनांनी ओरड केल्यावर २०२४ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने कोणती कामे शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याचे वर्गीकरण जाहीर केले. चांगले झाले. पण त्या वादातही सगळ्यांचे बोलणे शाळेच्या तासांविषयी होते. मुलांचा तास बुडू नये, एवढाच मुद्दा. शाळा सुटल्यानंतरच्या माझ्या वेळेचे काय, हा प्रश्न पटलावर आलाच नाही.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण २००७ चे आहे. शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला जुंपण्याविरुद्धचा सेंट मेरीज स्कूलचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने मुलांच्या शिक्षणाचा हक्क मोठा मानला आणि सांगितले की शिक्षकांना मतदारयादीच्या आणि निवडणुकीच्या कामावर सुट्टीच्या व बिनशिकवणीच्या दिवशी लावावे. शिकवण्याच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेत शक्यतो लावू नये. मुलांच्या बाजूने हा निकाल योग्यच होता. पण तो नीट वाचा. निवडणूक आयोगाला माणसे हवी होती, मुलांना तास हवा होता, आणि दोघांचे समाधान करण्यासाठी जी जागा सापडली ती शिक्षकाची सुट्टी. त्या दिवशी शिक्षकाच्या घरी आजारी सासू असेल, दहावीतली मुलगी असेल, किंवा काही नसेल आणि तिला नुसते झोपायचे असेल, हा विचार या मांडणीत कुठेच बसत नाही.

त्याचे टोक २०२५ च्या नोव्हेंबरात दिसले. काही राज्यांत मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचे काम सुरू असताना बीएलओ म्हणून नेमलेल्या कर्मचाऱ्यांच्या, त्यात शिक्षकांच्याही, मृत्यूच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की या कामासाठी जादा माणसे द्या. जादा माणसे द्यायला हवीत, हे समजायला माणसे मरावी लागतात?

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की मास्तरांना सुट्ट्या किती! नियम असा आहे की रविवार सोडून वर्षाच्या सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० असावेत. म्हणजे इतर नोकरदारांपेक्षा आम्हाला सुट्ट्या जास्त आहेत, हे खरेच. पण त्या शिक्षकांचे लाड म्हणून दिलेल्या नाहीत. त्या मुलांच्या सुट्ट्या आहेत. चाळीस-पन्नास मुलांसमोर दिवसभर उभे राहण्याच्या कामाला अधूनमधून खंड लागतो, हे जुन्या लोकांना कळत होते. आणि ज्या सुट्टीत प्रशिक्षण, सर्वेक्षण, निकालपत्रके आणि यादीचे काम होते, ती मोजताना मात्र सुट्टी म्हणून मोजायची, हा कुठला हिशेब?

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो माझ्याच वर्गातून येतो. मी यंत्रमागाच्या गावात शिकवते. पालकसभेला बाप येत नाहीत. आई येते आणि म्हणते, "टीचर, इसके अब्बा कू टैमच नई रहता." बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मजुरी कापडावर, माग थांबला की मजुरीही थांबली. काहींचे वडील आखातात आहेत. दोन वर्षांतून एकदा येतात, आणि ते आले की मुलगा आठवडाभर त्यांना बिचकतो. अशा लोकांमध्ये राहून सरकारी पगार घेणाऱ्या बाईने आपल्या रविवारसाठी गळा काढावा का?

काढावा, असे माझे उत्तर आहे. त्या बापाला टैम नाही, हे माझी संध्याकाळ गेल्याने बदलणार नाही. उलट एकेका वर्गाचे तास असेच एकमेकांकडे बोट दाखवून वाढवले जातात. मागवाला बारा तास करतो, मग कारखान्यातल्याने का करू नये? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे म्हणे. ज्याच्या घरी खाणारी सहा तोंडे आहेत, त्याची संमती कशी मिळते हे आम्हाला ठाऊक आहे. २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगत होते. २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांनी आकडा ९० वर नेला, आणि रविवारी घरी बसून बायकोचे तोंड किती वेळ बघणार, अशा अर्थाचे बोलले. माग, कारखाना, कंपनी आणि शाळा या चार वेगळ्या गोष्टी दिसतात, पण विचार एकच आहे. माणूस घरी असला की वाया जातो, असा.

आपल्या राज्याला याचे उत्तर एकदा मिळाले आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १० हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज जो रविवार आपण पंचांगातल्यासारखा धरून चालतो, तो सहा वर्षे भांडून मिळालेला आहे. पुढे डॉ. आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना कारखान्यातले कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. श्वासाचे व्यायाम करून यातला एकही तास कमी झालेला नाही.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या चालणाऱ्या त्या गावात एक दिवस खडखडाट थांबतो. लोक अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून जुम्याला जातात, मुलांना घेऊन फिरतात. तिथल्या गरीब मजुरालाही कळते की तो दिवस त्याचा आहे आणि तो कुणी मागू नये. लिहितावाचता शिक्षक मात्र रविवारी आलेल्या आदेशाला हात जोडलेला इमोजी पाठवतो.

आता थोडे आपल्या लोकांशी. आपल्याकडे हा विषय काढला की दोन शब्द पुढे येतात, सब्र आणि खिदमत. जास्त काम पडले तर सब्र कर, रोजी देणारा अल्लाह आहे. विनाअनुदानित शाळांच्या चालकांचा आवडता शब्द खिदमत. तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या मुलीला सुट्टीच्या दिवशी ॲडमिशनचे फॉर्म घेऊन मोहल्ल्यात दारोदार फिरवायचे, गॅदरिंगची तयारी रात्री आठपर्यंत करून घ्यायची, आणि तिने काही म्हटले तर ऐकवायचे, "टीचर, ये तो कौम की खिदमत है." मग ही खिदमत चेअरमनसाहेबांच्या घरच्यांच्या वाट्याला का येत नाही? सरकारी खात्याला मी वर जे बोलले, ते सगळे आपल्या संस्थांना दुप्पट लागू आहे. तिथे निदान कायद्याचा कागद तरी दाखवता येतो.

दीनचा आधार घ्यायचाच असेल तर पूर्ण घ्या. सलमान फारसी (रजि.) आणि अबू दरदा (रजि.) यांचा किस्सा बहुतेकांनी ऐकलेला असतो. सलमान आपल्या या भावाच्या घरी गेले, तेव्हा घरातली बाई उदास आणि अंगावरचे कपडेही बेतासबात. विचारले तर कळले की घरधन्याला दुनियेत रसच उरलेला नाही. दिवसा रोजा, रात्रभर नमाज. सलमाननी त्यांना आपल्यासोबत जेवायला बसवले, रात्री उठू लागले तसे पुन्हा झोपायला लावले, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावले की तुझ्यावर तुझ्या रबचा हक आहे, तुझ्या जिवाचा आहे आणि तुझ्या घरच्यांचाही आहे. ज्याचा त्याचा हक त्याला दे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले, असा निर्वाळा दिला. इथला शब्द लक्षात घ्या. हक. आवड नाही, सवलत नाही, उरलासुरला वेळ नाही. अल्लाहच्या इबादतीसाठीसुद्धा घरच्यांचा हक बुडवता येत नसेल, तर पोर्टलसाठी आणि चेअरमनसाहेबांसाठी तो कसा बुडवता येईल?

आणि हाच हक घेऊन मला घराच्या उंबरठ्याच्या आतही यायचे आहे. शिक्षकांच्या कामाच्या तासांवर बोलणारे बहुतेक पुरुष असतात. त्यांची बाजू खरी असते, पण ती अर्धी असते. साहेबांनी माझी संध्याकाळ सोडली, म्हणून ती मला मिळते असे नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. या हिशेबात नोकरी करणाऱ्या बाईचे ४५ तास तिच्या आठवड्याचा पहिला भाग असतात. रमजानात हे आणखी उघडे पडते. सेहरीसाठी सगळ्यांच्या आधी ती उठते, मग शाळा, मग दुपारपासून इफ्तारची तयारी. रोजा दोघांचाही असतो. इफ्तार झाला की पुरुष तरावीहला जातात, तिथून चौकात चहाला. भांडी तिची वाट बघत असतात. हजरत आयशा (रजि.) यांना कुणी विचारले होते की प्रेषित घरी असताना काय करत. त्यांनी सांगितले की घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. दाढीची आणि पायजम्याची सुन्नत सांगणारे पुष्कळ आहेत. या सुन्नतीवर जुम्याच्या बयानात मी फारसे ऐकत नाही.

मग करायचे काय? माझ्या मागण्या साध्या आहेत. शाळेच्या वेळेनंतर ग्रुपवर आलेला संदेश हा आदेश मानला जाऊ नये. माहिती मागायची तर लेखी मागावी आणि किमान पाच कामकाजाचे दिवस द्यावेत. सुट्टीच्या दिवशी निवडणुकीचे किंवा जनगणनेचे काम घेतले, तर त्याची बदली रजा नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्यावी. नंतर त्यासाठी कार्यालयात खेटे घालायला लावू नये. माहिती भरण्यासाठी केंद्रपातळीवर एक माणूस नेमावा, पोर्टल वाढवायचे असतील तर माणसेही वाढवावीत. संस्थाचालकांनी ४५ तासांचा हिशेब नोंदवहीत ठेवावा, आणि वरच्या तासांचे एक तर पैसे द्यावेत नाही तर तो वेळ परत करावा.

यात आकाशातले काही नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात घेतला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आपल्याच राज्याच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले, २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयके आपल्याकडे पडूनच राहतात. पण त्यामागे लाखो शिक्षक उभे राहिले तर चित्र निराळे दिसेल.

जुन्या पेन्शनसाठी २०२३ च्या मार्चमध्ये आपण राज्यभर संप केला. निवृत्तीनंतरच्या आयुष्यासाठी एवढे रस्त्यावर उतरलो, मग निवृत्तीच्या आधीच्या आयुष्यासाठी एक ठरावही का होऊ नये? संघटनेच्या पुढच्या सभेत पेन्शनच्या खाली दुसरा विषय म्हणून कामाचे तास लिहा. तोवर रात्री आलेल्या संदेशाला सकाळी शाळेत गेल्यावरच उत्तर द्या. एकटीने दिले तर नोटीस येईल, पूर्ण केंद्राने दिले तर येणार नाही. आणि ती सभा रात्री नऊला ठेवू नका. शाळा सुटल्यावर लगेच, शाळेतच ठेवा आणि त्या दिवशी घरचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा, म्हणजे शिक्षिकाही सभेला येतील आणि बोलतीलही.